रेकॉर्ड चालू आहे

आई दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घरी आली, त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले. शब्द एकच होता, ‘हळू!’

संध्याकाळ होती. दिवसभराचा अनुवाद आटोपून मी कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली होती. आई आतल्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाली. आमच्या घरात स्वयंपाकघराची वाट बैठकीच्या खोलीतूनच जाते, दुसरी नाही. वॉकरचे चार पाय टेकायचे, मग एक पाऊल, मग दुसरं, मग पुन्हा वॉकर. खोलीच्या मध्यावर ती आली आणि सुई उडाली. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना तो वर्णन करून सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांचं काही बिघडलेलं नाही. गाणं भलत्याच जागी जाऊन पुन्हा सुरू झालं, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला.

आवाज माझा होता, म्हणणं बाबांचं. तोच ‘ह’वरचा जोर, तोच तोडून टाकलेला शेवट. आई जिथे होती तिथेच थांबली.

‘संपू दे नं,’ ती म्हणाली. ‘मी थांबते.’

मी उठून सुई उचलली, तिला पलीकडे नेलं, चहा केला. विषय तिथे संपायला हवा होता. पण दोन दिवसांनी रेकॉर्ड लावून मी फोनवर बोलायला गॅलरीत गेले होते, ते परत येते तर आई खोलीच्या मध्यावर. वॉकर तिनं उचलून छातीशी धरला होता. दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर. चवड्यांवर चालत होती. फिजिओथेरपिस्टनं रोज बजावलं होतं की वॉकरचे चारही पाय एकदम टेकवायचे, मगच त्यावर भार टाकायचा. आणि ही बाई एकाहत्तराव्या वर्षी, नव्या गुडघ्यांवर, वॉकर हातात घेऊन अलगद चालली होती.

‘हे काय करून राहिली आहेस?’

‘तू लावून राहिली होती नं,’ ती कुजबुजली. रेकॉर्ड चालू असताना आमच्या घरात कुजबुजतच बोलतात.

टर्नटेबलचं काहीतरी करायला हवं, हे त्या दिवशी ठरलं.

घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मा दोष घराचा आहे. बाबा नागपूरचे. नागपूरचा एक भाग ज्या रेल्वेत मोडायचा त्या दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय कलकत्त्यात, गार्डन रीचला. तिथे बदली झाली आणि आम्ही कलकत्त्याचे झालो. घर भवानीपुरात मिळालं. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास चालत जाण्याच्या अंतरावर, हे त्या वेळी मोठं आकर्षण. जुन्या दुमजली घराचा वरचा मजला, भाड्याचा. लाल, गुळगुळीत, पायांना थंड लागणारी जमीन. पाहुणे येऊन म्हणतात, काय सुंदर फ्लोअरिंग! सुंदर आहेच. पण त्या लाल थराखाली काय आहे ते पाहुण्यांना दिसत नाही. खाली चुना-सुरकीचा थर, त्याखाली चपट्या विटा, त्या विटांना आधार लाकडी बरग्यांचा, आणि बरग्यांना आधार लोखंडी कड्यांचा. बंगालीत याला कडी-बरगा म्हणतात. आपल्या वाड्यांमधल्या कडीपाटाचा हा चुलतभाऊ. ‘कडी’ दोघांत तीच. अनुवाद करताना बंगाली कादंबरीतली माणसं उताणी पडून कडी-बरगे मोजायला लागली की मला एरवी तळटीप द्यावीशी वाटते, इथे वाटत नाही.

अशी जमीन म्हणजे एक मोठी, फार ताठ, पण स्प्रिंगच. भिंतीजवळ ती घट्ट असते, मध्यावर सगळ्यात जास्त लवचिक. आम्ही लहान असताना खोलीतून धावलो की कपाटातले काचेचे पेले किणकिणायचे. आणि रेकॉर्डप्लेअर त्या कपाटाशेजारच्याच टेबलावर असायचा.

रविवारी सकाळी बाबा रेकॉर्ड लावत. आधी दोन्ही बाजू मखमली पुसणीनं पुसायच्या, मग सुईवर फुंकर. ते तिला पिन म्हणत. मग ‘रेकॉर्ड चालू आहे’ अशी घोषणा. ही माहिती नव्हती, हुकूम होता. मी आणि भाऊ जिथे असू तिथे बसकण मारायचो. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्या काळात लोडशेडिंग फार, आणि गाता गाता वीज गेली की भीमसेनजींचा आवाज खाली खाली जात एखाद्या राक्षसासारखा होऊन थांबायचा. आम्हाला ती सुटकाच वाटायची.

आईला मात्र बसकण मारण्याची सोय नव्हती. रविवारचा स्वयंपाक, आंघोळीचं पाणी, दाराशी आलेला मासेवाला (तो आमच्याकडे कधीच काही विकू शकला नाही, पण दर रविवारी यायचा). या सगळ्यासाठी तिला त्या खोलीतून जावं लागे. ती टाचा न टेकवता जायची. आधी चवडा, तोही बाहेरच्या कडेनं, मग हळूच बाकीचा पाय. भिंतीच्या कडेकडेनं. कड्यांच्या वर जमीन कमी हलते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिचे पाय नेमके तिथेच पडायचे. कुकर ती अशा बेतानं लावायची की शिट्ट्या बाजू बदलताना होतील. वरणाला एक बाजू, भाताला एक बाजू. मला फार मोठी होईपर्यंत वाटायचं की आई तशीच चालते. काही माणसं लंगडतात, काही फेंगडी चालतात, आई अलगद चालते.

एकदाच चुकलं. १९८७ असेल, मी तिसरीत होते. दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली, मधून. सुई उडून आडवी गेली. बाबांच्या त्या जुन्या मशीनला सिरॅमिक कार्ट्रिज होतं, त्याची सुई रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅमच्या भारानं टेकायची. एवढ्या वजनानं उडी मारल्यावर चरा पडणारच. कुमारांच्या त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर तो अजून आहे. बाबा ओरडले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत, एवढंच.

बाबा गेल्यावर मी एक वापरलेलं, पट्ट्यावर चालणारं, चांगलं टर्नटेबल घेतलं. त्याला चुंबकीय कार्ट्रिज. सुईचा भार पावणेदोन ग्रॅम. रेकॉर्डचं आयुष्य वाढतं, कधी न ऐकलेलं ऐकू येतं. फक्त इतकी हलकी सुई जमिनीवरच्या पावलाला आणखी भितरी होते. म्हणजे मी आईच्या चवड्यांवरचा भार वाढवला होता, आणि पाच वर्षं मला ते कळलंही नाही, कारण सुई कधी उडालीच नाही. मी लोकांना अभिमानानं सांगत असे की जुन्या घरातही माझं टर्नटेबल कसं स्थिर आहे.

आता थोडं यंत्राविषयी. रेकॉर्डवरची खोबण माणसाच्या केसाएवढी रुंद, बरेचदा त्याहून कमी. त्यातली सगळ्यात बारीक वळणं एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. सुईला ती वळणं वाचायची असतात. तिला गाणं कुठलं आणि पाऊल कुठलं हे कळत नाही. जे हलतं ते सगळं तिच्या लेखी गाणंच. त्यातून खर्जाची पंचाईत वेगळी. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर खोबणी फार रुंद होऊन शेजारच्या खोबणीत घुसतील. वाजवताना ॲम्प्लिफायर ते पुन्हा वर काढतो, २० हर्ट्झच्या आसपास मधल्या स्वरांच्या तुलनेत जवळजवळ दहापट. १९५४ पासून हे प्रमाण ठरलेलं आहे. त्यामुळे जमिनीतून आलेली घरघर, जी रेकॉर्ड कापताना कोणी दाबलेलीच नव्हती, तीही दहापट होऊन बाहेर येते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आशुतोष मुखर्जी रोड, आणि त्याच्या पोटातून मेट्रो जाते. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ ला धावली ती एस्प्लनेड ते भवानीपूर अशीच, आमच्या पायाखालून. रात्री उशिराची गाडी गेली की वूफरचा कागद मुकाट्यानं आतबाहेर होताना मी पाहिलाय. कानाला काही नाही, डोळ्यांना दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा समजली. सुई वाचते ते फक्त तिच्यातलं आणि रेकॉर्डमधलं अंतर. दोघी एकदम, एकसारख्या हलल्या तर काहीच ऐकू येत नाही. एक हलली आणि दुसरी मागे राहिली की बिघडतं. अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाच्या गृहस्थानं १९६१ साली बाजारात आणलेलं टर्नटेबल याच तत्त्वावर होतं. थाळी आणि आर्म एकाच चौकटीवर पक्के बसवायचे आणि ती अख्खी चौकट स्प्रिंगांवर टांगायची. चालू रेकॉर्डच्या खोक्यावर लाकडी हातोडा मारून ते लोकांना दाखवत की बघा, सुई हलत नाही. माझ्याकडे तसलं यंत्र नव्हतं. माझ्याकडे होता एक वॉकर, तोही ॲल्युमिनियमचा.

पहिला उपाय मी केला तो सगळेच करतात. मैदान मार्केटमधून स्क्वॉशचे चार चेंडू आणले, भाजीच्या सुरीनं अर्धे कापले (कापू नका, बोट वाचवा, पूर्ण ठेवा), त्यावर कडाप्प्याची चौदा-पंधरा किलोची लादी, लादीवर टर्नटेबल. दिसायला फार शास्त्रीय. आईला म्हटलं, चाल. ती चवड्यांवर चालली. म्हटलं, अशी नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तशी. ती दुसऱ्याच पावलाला होती आणि सुई उडाली. आधी मध्यावर गेल्यावर उडायची, आता दाराशीच.

‘मी सांगितलं होतं,’ आई म्हणाली. तिनं काही सांगितलं नव्हतं.

मऊ काहीतरी खाली घातलं की कंप शोषला जातो, ही आपली समजूत गादीवरून आलेली असावी. मऊ आधार म्हणजे स्प्रिंग, आणि प्रत्येक स्प्रिंगला हेलकावे घ्यायची आपली एक गती असते. ती काढायला फार गणित लागत नाही. वर वजन ठेवल्यावर आधार एक सेंटिमीटर दबला तर तो सेकंदाला साधारण पाच हेलकावे घेईल. पाव सेंटिमीटर दबला तर दहा. माझे चेंडू पट्टीनं मोजले तर अडीच मिलिमीटर दबले होते, म्हणजे दहा. मग फोन जमिनीवर ठेवून कंप मोजणाऱ्या ॲपमध्ये पाहिलं. वॉकर टेकला की आमची जमीन सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरत निवते. आणि आर्म व कार्ट्रिज मिळून जी जोडी होते तिची स्वतःची डुलण्याची गती बहुतेक टर्नटेबलांत आठ ते बाराच्या मध्ये असते. म्हणजे जमीन, चेंडू आणि आर्म असे तिघे एकाच गतीला डोलणारे मी एकावर एक रचले होते. आधार आपल्या गतीच्या साधारण दीडपटीच्या वरचाच कंप अडवू लागतो. त्या गतीच्या जवळपासचा तो वाढवून देतो. अडीच हेलकाव्यांवर उतरायचं तर आधार चार सेंटिमीटर दबायला हवा. चेंडूच मुळी चार सेंटिमीटरचा.

म्हणून दुसरा उपाय, लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. अर्धवट हवा भरून लादीखाली ठेवली. यानं खरंच फरक पडला. मेट्रो पार नाहीशी झाली. लादीशेजारच्या टेबलावर बोटानं टकटक केली तर स्पीकरमध्ये काही नाही. मी इतकी खूश झाले की भावाला पुण्याला फोन केला. पण आई चालली की टर्नटेबल होडीसारखं डुलायचं. वर-खाली नव्हे, आडवं, आणि आडव्या डुलण्यानं सुई बाजूला ढकलली जाते. शिवाय ट्यूबमधली हवा तीन-चार दिवसांत एका बाजूनं उतरायची. पाणसळ लावा, पंप मारा, पुन्हा पाणसळ. आईनं विचारलं, ‘गाणं कधी ऐकतेस गं तू?’

सगळे मऊपणाचे उपाय हलणाऱ्या जमिनीवर उभे होते, चूक तिथे होती. जमीन सोडायलाच हवी होती. आमच्या घराची बाहेरची भिंत वीस इंची आहे. ती थेट पायापर्यंत जाते, आणि तिला आईच्या वॉकरशी देणंघेणं नाही.

घरमालकांची परवानगी दहा मिनिटांत मिळाली. हे मी मुद्दाम सांगते आहे. मिस्त्री आला. त्याला आधी वाटलं टीव्ही लावायचाय. मी रेकॉर्ड, सुई, मां यांची गोष्ट सांगितली तेव्हा तो दोन मिनिटं आईकडे बघत राहिला, मग भिंतीवर बोटाची गाठ वाजवत फिरला. तो बंगालीत जे म्हणाला त्याचा अनुवाद असा होईल: वीट जिवंत आहे दिदी, चुना मेलाय. सांध्यात खिळा धरणार नाही, विटेच्या पोटातच घ्यायला हवा. पहिल्या भोकातून नुसती लाल भुकटी आली. ते बुजवून चार बोटं वर घेतलं. लोखंडी कोन, लांब अँकर, प्रत्येक बाजूला तीन. त्यावर जाड प्लाय, प्लायवर तीच कडाप्प्याची लादी, आणि लादीवर टर्नटेबल. टेबलावरून ते माझ्या छातीच्या उंचीला आलं. चेंडू नाहीत, ट्यूब नाही. मिस्त्रीनं काम झाल्यावर जमिनीवर एक उडी मारून पाहिली. सुई उडाली नाही, कपाटातले पेले वाजले. तो हसला. मी त्याला दोनशे रुपये जास्त दिले.

काम संपलं असं वाटलं ते रात्री. जरा मोठ्यानं लावल्यावर तंबोऱ्याच्या खाली एक ‘हूंऽऽ’ उभा राहिला. आवाज कमी केला की बसायचा, वाढवला की पुन्हा उठायचा आणि स्वतःच वाढत जायचा.

एम.ए.ला यादवपूरला, बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेल्या तुलनात्मक साहित्य विभागात, आमच्याकडून प्रभावाचा अभ्यास घोटून घेतला होता. अमक्या कवीवर तमक्याचा प्रभाव आहे म्हणता, तर तो पोचला कोणत्या वाटेनं ते दाखवा: पुस्तक, अनुवाद, प्रवास, पत्र, काय? वीस वर्षांनी ती शिस्त कामी आली ती अशी. स्पीकरचा प्रभाव सुईपर्यंत पोचतोय, पण जमिनीतून की हवेतून? रेकॉर्ड न फिरवता सुई तिच्यावर टेकवून ठेवली आणि आवाज वाढवत नेला. हूं आला. स्पीकरखाली ट्यूब सरकवली, तरी हूं तसाच. म्हणजे जमीन नव्हे, हवा. फळी मी खोलीच्या कोपऱ्याजवळ बसवली होती, कारण तिथली वीट चांगली होती, आणि खोलीतला खर्ज कोपऱ्यांतच साचतो. वर टर्नटेबलचं ॲक्रिलिकचं झाकण उघडून उभं, शिडासारखं, येईल तो आवाज झेलायला. झाकण काढून ठेवलं आणि हूं निम्मा झाला. स्पीकर समोरच्या भिंतीकडे, पण तिच्यापासून हातभर पुढे घेतले. उरला तोही गेला. भोकं पडलेली होती, फळी हलवता येणार नव्हती, म्हणून स्पीकर हलवले. खोली आता विचित्र दिसते. सोफा खिडकीला पाठ करून आहे.

अनुवादकानं आपल्या पावलांचा आवाज येऊ देऊ नये, असं आमच्या धंद्यात म्हणतात. हे सगळं चालू असताना या रूपकाचा मला अनेकदा मोह झाला. पण मी ज्या पावलांचा आवाज येऊ नये म्हणून खटपट करत होते ती माझी नव्हती, आणि ती पावलं ज्या बाईची, तिनं कसलाही अनुवाद न करता चाळीस वर्षं हेच काम केलं होतं. रूपक सोडून दिलं.

फळी बसली त्या दुपारी जेवताना आईनं विचारलं, ‘तुझ्या बाबांना हे सुचलं नाही का गं?’

चिडून नाही. खरोखरच्या कुतूहलानं. आणि मी तेव्हापासून विचार करते आहे. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रूळांवरच्या थरथरीत नाजूक यंत्रं कशी टिकवायची हे त्यांचं रोजचं काम. रेकॉर्ड ठेवायचं शिसवी कपाट त्यांनी स्वतः रंधा मारून केलं होतं, तिरकं होऊ नये म्हणून प्रत्येक कप्प्याला पाणसळ लावून. ड्रिल मशीन घरात होतं. भिंत तीच होती. घरमालकांचे वडील बाबांबरोबर कॅरम खेळायचे. मी त्यांच्या बाजूनं बरंच शोधलं. तेव्हा असे अँकर मिळत नसतील? मिळत नसले तरी लाकडी गुट्टे ठोकता आले असते. परक्याच्या भिंतीला भोकं पाडायचा संकोच? दिवाणखान्यात त्यांनी नागपूरच्या आजोबांचा एवढा मोठा फोटो ठोकला होता. भिंतीला भोक पाडण्यापेक्षा ‘हळू’ म्हणणं सोपं होतं, एवढंच शेवटी हाती लागतं. आणि ज्या अर्थी सुई उडत नव्हती, त्या अर्थी अडचणच नव्हती. मलाही पाच वर्षं नव्हती.

त्यांच्यामुळेच मला गाणं मिळालं, हेही खरं आहे. हे दुसरं वाक्य पहिल्याला खोडत नाही, म्हणून वेगळं लिहिलं.

आईला मी उत्तर दिलं, ‘माहीत नाही.’ ती म्हणाली, ‘त्यांना वेळ कुठे होता,’ आणि ताक मागितलं.

आईला सवय व्हायला मात्र वेळ लागला. फळीला तिचा विश्वास नव्हता. रेकॉर्ड लागली की ती दाराशी यायची, उंबऱ्यावर थांबायची. मी म्हणायचे, ये. ती मान हलवायची. एकदा मी तिच्या देखत, रेकॉर्ड चालू असताना, खोलीच्या मध्यावर उड्या मारल्या. पंचेचाळीस वर्षांची बाई, चष्मा सांभाळत. खालून घरमालकीणबाईंनी हाक मारली, की होलो? आई हसली, पण आत आली नाही. चाळीस वर्षं पायात मुरलेलं काही एका लोखंडी कोनानं निघत नाही, हे मला मोजमापाच्या नादात लक्षात आलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टची तक्रार तीच होती: यांचे गुडघे उत्तम आहेत, पण या टाच टेकवत नाहीत.

मागच्या रविवारी मी ती कुमारांची रेकॉर्ड काढली. पहिली बाजू झाली. दुसरी लावली आणि माझ्या कामाच्या टेबलाशी येऊन बसले. मागून आवाज आला: ठक. थोडं थांबून पुन्हा, ठक. वळून पाहिलं नाही. वॉकरचे चार पाय, मग एक पाऊल, मग दुसरं. मध्यावर येऊन ती थांबली असावी, कारण ठक थांबलं. गाणं चालू होतं. मग वॉकर एकदा, जरुरीपेक्षा बराच जोरात, आपटल्याचा आवाज आला. पेले किणकिणले. सुई जागच्या जागी.

आई येऊन सोफ्यावर बसली, खिडकीकडे पाठ करून. या खोलीत एक पूर्ण बाजू बसून ऐकल्याचं तिला आठवत नाही, असं ती नंतर म्हणाली. तिला सगळी गाणी पाठ आहेत, पण स्वयंपाकघराच्या भिंतीआडून. तबला इतका पुढे असतो हे तिला नवीन होतं.

बाजू अर्ध्यावर आली आणि तो चरा सुरू झाला. एका फेरीला एकदा, टक. मग १.८ सेकंदांनी पुन्हा टक. आर्मखाली, थाळीखाली, लादीखाली काहीही ठेवलं तरी तो जाणार नाही, तो खोबणीतच आहे.

आई पुढे झुकली.

‘आलं माझं दूध,’ ती म्हणाली. कुजबुजत नाही, नेहमीच्या आवाजात.